सात नंबरची पूड

उत्प्रेरक म्हणजे काय, असं भट्टीकाकांना कुणी विचारलं की ते सांगत, "स्वतः न संपता दुसऱ्यांची कामं उरकून देणारी पूड." त्यावर त्यांची बायको म्हणे, "आमच्या घरात ती पूड मीच." प्रयोगशाळेत अशी पूड भाजण्यात काकांची सव्वीस वर्षं गेली होती. धातू विरघळलेलं पाणी पांढऱ्या भुकटीवर थेंब थेंब सोडायचं, वाळवायचं, मुशीत भरून भट्टीत घालायचं. पूर्वीचे साहेब सगळं अंदाजाने करत. शंभरात एक साधलं तरी स्वारी खूश.

त्यांच्या जागी नव्या बाई आल्या आणि अंदाजाची हकालपट्टी झाली. कुठल्या धातूच्या अणूशेजारी कुठला बसवायचा, ते त्या आधी कॉम्प्युटरवर मांडत. विषारी धूर निवळवणारी बारा मिश्रणं निघाली. त्यांतलं सातवं सगळ्यांत सरस आणि चौथं अगदीच टाकाऊ ठरेल, असं त्यांनी भाजण्याआधीच लिहून ठेवलं. काकांच्या डोक्यावरून गेलं सगळं. पण या बाई त्यांना बसायला खुर्ची देऊन मग बोलत, म्हणून त्यांचं खरं ठरावं असं काकांना मनापासून वाटे. ठरलंही. सात नंबरने विषारी धुराचा फडशा पाडला, चार नंबर ढिम्म. बाईंचा विभाग राहणार की गुंडाळला जाणार, ते आता या सातवर होतं.

आणि दुसऱ्या प्रयोगशाळेतून निरोप आला : आम्ही केलेला सात नंबर काहीच करत नाही.

"काका, तुम्ही वेगळं काय केलंत?" बाईंनी विचारलं.

"काही नाही हो. कागदावर होतं तेच."

काका खोटं बोलत नव्हते, हीच तर पंचाईत. दोन दिवस त्यांना जेवण गोड लागेना. "नीट आठवा, अगदी हात धुतल्यापासून," बायको म्हणाली. तिसऱ्या दिवशी मुशी पुसताना त्यांना एकदम आठवलं. अकरा मिश्रणं त्यांनी नव्या मुशींत भाजली होती. सातवं बाईंच्या जिव्हाळ्याचं, म्हणून ते आपल्या जुन्या, काळवंडलेल्या मुशीत. ती कधी दगा देत नसे. इतक्या वर्षांत तिच्यात काय काय भाजलं होतं आणि तिच्या अंगात मुरलं होतं, देव जाणे.

सांगावं की गप्प बसावं? बाईंचं भलं कशात, तेच कळेना. शेवटी न राहवून त्यांनी सांगून टाकलं.

बाई रागावल्या नाहीत. "आता चार नंबर त्या मुशीत भाजा," एवढंच म्हणाल्या.

"पण तो तर टाकाऊ ना?"

"म्हणूनच."

दुसऱ्या दिवशी दोघं कॉम्प्युटरच्या पडद्यासमोर बसली. चार नंबर किती धूर खातो ते दाखवणारी रेघ उठली, सातच्या खुणेपाशी पोचली आणि तिच्याही वर चढत गेली. एवढी सरस पूड काकांच्या हातून आजवर उतरली नव्हती. "साधलं, बाई!" ते ओरडले आणि मग त्यांनी बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. कमाल मुशीची होती, बाईंच्या मांडणीची नव्हे.