हवामान सरांचा तिएम्पो

आमच्या शाळेत फळ्यावर आधी तारीख लिहायची पद्धत होती. हवामान सर मात्र आधी तापमान लिहायचे, मग वार, आणि आठवलीच तर तारीख. भूगोल शिकवायचे. शाळेच्या मागे त्यांनी पर्जन्यमापक बसवून घेतला होता आणि महिनोन्‌महिने थेंब पडला नाही तरी रोज सकाळी त्यात डोकावायचे. "शून्य बी मोजावंच लागतंय, बाई," असं मला बजावायचे. मी त्याच शाळेत मराठी शिकवायची. जुन्या जालन्यात आमच्या दोन घरांत एकच भिंत, त्यामुळे निवृत्तीनंतरही त्यांच्या हवामानानं माझी पाठ सोडली नाही.

बायको गेल्यावर सर एकटे पडले. मुलगी स्पेनमध्ये, जावई तिथलाच, आणि सात वर्षांच्या नातीला मराठीचा गंध नाही. दर रविवारी व्हिडिओ कॉल व्हायचा. आजोबा आणि नात एकमेकांकडे बघून हात हलवायचे, की संपलं. "काचेतल्या माशासारखं बघून राह्यलो एकमेकाला," असं म्हणून सर अडुसष्टाव्या वर्षी स्पॅनिश शिकायला बसले. मोबाइलवर ऐकायचे आणि दोनशे पानी वहीत देवनागरीत उतरवायचे. भिंतीपलीकडून मलाही रोज एखादा शब्द फुकट मिळायचा.

वाक्यं पक्की होईपर्यंत नातीशी बोलायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. मास्तरकी हाडात मुरलेली. तयारीशिवाय वर्गावर जायचं नाही. महिनाभर मुलीला काहीबाही कारणं सांगून त्यांनी रविवार टाळले. मग एका रविवारी मला साक्षीला बसवून फोन लावला. नात काहीतरी लांबलचक बोलली. त्यातलं 'आथे तिएम्पो' एवढंच सरांनी पकडलं आणि ते खुलले. तिएम्पो म्हणजे हवा, हा त्यांनी सगळ्यात आधी पाठ केलेला शब्द. "कालोर! मुचो कालोर!" त्यांनी ठणकावून सांगितलं. ऊन, फार ऊन. नात फोन आईच्या हातात देऊन निघून गेली. सर मात्र पहिल्या नंबरानं पास झालेल्या पोरासारखे खूश होते.

चार दिवसांनी वही घेऊन माझ्या दारात उभे राहिले. चेहरा उतरलेला.

"बाई, तिएम्पो म्हणजे हवा बी अन् वेळ बी. लेकीनं सांगितलं आज. पोरगी म्हणली व्हती, लई दिवस झाले, तुम्ही फोनच न्हाई केला. अन् मी तिला ऊन सांगून राह्यलो!"

त्यांची समजूत काढायला मी म्हटलं, आपल्या उन्हाळ्यात, पावसाळ्यात तरी काय, काळच दडलेला आहे. हवा आणि वेळ आपल्याकडेही एकच.

"दुष्काळात बी," ते म्हणाले. "पाऊस न्हाई म्हणून म्हणतोत आपण, पण वेळच वाईट असती ना."

मराठी शिकवून केस पांढरे झाले आणि हे मला सुचलं नव्हतं, याचा थोडा रागच आला.

मग त्यांनी एकच वाक्य धरलं. "तेंगो तिएम्पो." माझ्याकडे वेळ आहे. हे नातीला स्वतःच्या तोंडानं सांगायचं होतं, आईकडून निरोप नको होता. रविवारी फोन लावला तर नात मैत्रिणीच्या वाढदिवसाला गेलेली. "पुढच्या रविवारी, बाबा," मुलगी म्हणाली.

"बराबर. काई जल्दी न्हाई," सर म्हणाले.

त्या आठवड्यात रोज सकाळी भिंतीपलीकडून ते वाक्य यायचं. गुरुवारी आलं नाही. मी चहा घेऊन गेले, तर सर खुर्चीतच गेले होते. वही मांडीवर उघडी होती. मी कप खाली ठेवला, आणि रोज शब्द देणारं माझंही कोणी उरलं नाही हे मला तिथेच कळलं.

मुलगी नातीला घेऊन आली. घरात माणसंच माणसं, पण आई सोडली तर त्या पोरीशी बोलता येईल असं कोणी नाही, आणि आई माणसांच्या गराड्यात. ती मागच्या पायरीवर एकटी बसून आजोबांची वही उलटत होती, आणि तिला त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं. मी जवळ गेले तशी तिनं वर बघून काहीतरी विचारलं. त्यात तिएम्पो होतं. हवेचं विचारत होती की वेळेचं, कोण जाणे. मला एवढंच उत्तर येत होतं, आणि तेही सरांचं.

"तेंगो तिएम्पो," मी म्हटलं.

तिनं वही मिटली आणि सरकून मला जागा करून दिली.