वाढीव वॉरंटी आणि चिमूटभर मीठ

घरात नवी वस्तू आली की मी आधी तिचं वॉरंटी कार्ड ताब्यात घेते. मिक्सर, पंखा, मुलीचा मोबाईल, सासऱ्यांच्या कानाचं यंत्र, सगळ्यांची वाढीव वॉरंटी मी घेतलेली आहे. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. मी न पोळताच फुंकते. नवरा म्हणतो, तुझ्या बापाने लग्नात माझीही वॉरंटी मागायला हवी होती. मी त्याला सांगते, मागितली असती, पण मॉडेल तेव्हाच जुनं होतं.

म्हणून भावाने फोन करून सांगितलं की डोंग्याला, म्हणजे आमच्या छोट्या होडीला, इंजिन घेऊन राह्यलो, तेव्हा मी किंमत विचारली नाही. वॉरंटी किती, हे विचारलं.

आमचा तांडा दारव्ह्याहून तासाभराच्या वाटेवर, धरणाच्या पाण्याला लागून आहे. मी लग्न होऊन दारव्ह्याला आले. याडी, म्हणजे माझी आई, आणि भाऊ तिथेच राहतात. धरणाचं पाणी चढलं तेव्हा घरं अल्याड राहिली आणि आमचं वावर पल्याड गेलं. रस्त्याने जायचं तर पुलावरून मोठा वळसा पडतो, अर्धा दिवस त्यातच जातो. डोंग्याने मात्र समोरासमोर. इतकी वर्षं भाऊ वल्ही मारून याडीला नेत होता. मग त्याचा खांदा धरला आणि डॉक्टरने वल्ह्याला हात लावायची बंदी केली.

मला हे बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू. मी दोन वर्षं याडीच्या मागे लागले होते की आता पुरे, दारव्ह्याला ये. तिची सत्तरी उलटली आहे. गुडघे कुरकुरतात. पण कापूस फुटला की तिला घरात कोंडलं तरी ती थांबत नाही. "वावर पल्याड आन मी अल्याड बसून जीव सोडू का?" असं म्हणते. माझी भीती वेगळीच होती. मला पोहता येत नाही. शेवटी मी अट घातली: इंजिन नवं पाहिजे, त्याची वाढीव वॉरंटी पाहिजे. नाहीतर याडी डोंग्यात पाय ठेवणार नाही, मी तिला उचलून घेऊन जाईन. भाऊ कबूल झाला.

इंजिन यवतमाळच्या एका दुकानात मिळालं. पाण्याचे पंप, फवारणीची यंत्रं आणि कडबा कापायची मशीन विकणारं दुकान. डोंग्याचं इंजिन त्याने खास नागपूरहून मागवलं होतं. खोक्यातून काढलं तेव्हा आम्ही तिघं बघतच राहिलो. एवढंसं यंत्र, खाली तीन पात्यांचा पंखा, आणि हे आपल्याला पाण्यावरून ओढत नेणार! याडीने त्याच्या पाठीवरून हात फिरवला, गोऱ्ह्याच्या वशिंडावरून फिरवतात तसा.

दुकानदार भला माणूस होता. त्याने समजावून सांगितलं की कंपनीची वॉरंटी आहेच, वाढीव हवी असेल तर महिनाभरात ठरवा. मी पर्स उघडलीच होती. तेवढ्यात याडीने विचारलं, "भाऊ, हे पान्याच्या मधात बंद पडलं त कोन येईन?"

"मावशी, फोन करा. कंपनीचा माणूस येईल."

"पान्यात?"

"पाण्यात नाही, घरी. तुम्ही इंजिन काठाला आणाचं, मग तो येईन."

"काठाले आनाचं त माहं मी आनलं असतं," याडी म्हणाली. "मंग तो कायले पाहिजे?"

दुकानदार हसला, मीही हसले. भावाने मात्र माझ्याकडे असं पाहिलं की मी पर्स बंद केली. महिना होता हातात.

तांड्यावर इंजिनाचं स्वागत झालं ते बैलाचं होतं तसंच. याडीने पंख्याच्या पात्यांवर पाणी घातलं, कुंकू लावलं, वर गूळ ठेवला. मुंग्या झाल्या त्याला. मग ती ताटलीत मीठ घेऊन काठावर आली, आणि तांड्यातल्या प्रत्येक घरातून एक माणूस आला.

हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख तुडवायचे. कुणाला हमी द्यायची तर नायक, म्हणजे तांड्याचा प्रमुख, गोणीतलं चिमूटभर मीठ तळहातावर घेई. मूठ मिटली की शब्द झाला. मग बैल मेला, चोर पडले, काहीही झालं तरी ज्याने मीठ धरलं तो स्वतः उभा राहणार. नसेल जमत तर हात मागे घ्यायचा. त्यात अपमान नाही. मीठ धरून न येणं मात्र वाईट. आमच्या तांड्यात विहीर खोदताना, सोयरीक करताना हे अजून चालतं. आमच्या बोलीत मिठाला लूण म्हणतात. घरात आम्ही त्याच बोलीत बोलतो. इथे मी ते बोलणं वऱ्हाडीत लिहिते आहे, एवढंच.

याडीने एकच विचारलं, "मधात बंद पडलं त येसान का?" माणसं एकेक करून मीठ उचलत होती, मूठ मिटत होती. सगळ्यात शेवटी नायकांचा म्हातारा भाऊ आला. त्याला धड दिसत नाही, काठी टेकत आला. त्यानेही मूठ मिटली. मी मनात म्हटलं, वा, हे बाबा येणार आणि आपल्याला वाचवणार. मला कुणी मीठ दिलं नाही. लग्न झालेली लेक दुसऱ्या घरची, तिच्या हातावर मीठ ठेवत नाहीत. मला त्याचं वाईटही वाटलं नाही. मी लाइफ जॅकेट आणली होती, ती वाटत होते. याडीने तिचं जॅकेट बसायला खाली घेतलं.

पहिल्यांदा इंजिन सुरू झालं तेव्हाचं मला अजून आठवतं. मी भीतीने डोळे मिटले होते. उघडले तेव्हा काठ मागे पडला होता, पाणी दोन्ही बाजूंना फाकत होतं आणि याडी पुढे तोंड करून बसली होती. पदर उडत होता, तोंडावर हसू नव्हतं, पण डोळे लहान मुलासारखे मोठे झाले होते. जी माणसं चालत चालत मुलखाच्या मुलूख पार करायची, त्यांची ही लेक पहिल्यांदा पाय न उचलता आणि कुणाला घाम न येता वावराला निघाली होती. खरंच सांगते, पाण्याची भीती मी तेवढा वेळ विसरले.

महिना संपत आला होता. मी वेचणीला मदत म्हणून रविवारी गेले. परतताना डोंग्यात कापसाची गाठोडी होती. भावाने इंजिनाच्या तोऱ्यात वल्ही घरीच ठेवली होती. मध्यावर आलो आणि इंजिन खोकायला लागलं. पांढरा धूर निघाला. धुराला वास होता, जवसाच्या तेलात कांदा परतल्यासारखा. मग ते एक आचका देऊन बंद पडलं.

वारा उलटा होता. डोंगा हळूहळू काठापासून लांब, धरणाच्या मोठ्या पाण्याकडे सरकायला लागला. भाऊ दोरी ओढून ओढून थकला. त्याचा खांदा गेला, तोंड पांढरं पडलं. मी याडीला शिव्या दिल्या, भावाला दिल्या, दुकानदाराला दिल्या. याडी म्हणाली, "चूप बस. पाह्यतं का तिकडं."

मी पाहिलं. काठावर कुणीतरी हाक दिली होती. एक जण ट्रॅक्टरच्या ट्यूबवर बसून हाताने पाणी कापत येत होता. दोघं थर्माकोलच्या तराफ्यावर होते. शेजारची काकू, जिच्या घरी मी लहानपणी भाकरी खाल्ली, ती नेसूचा काचा मारून, पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून पोहत येत होती. ती साठीची आहे! ज्यांना पोहता येत नव्हतं ते पाण्यात उतरून दोर हातोहात पुढे देत होते. आणि त्या ओळीच्या अगदी पुढे, छातीएवढ्या पाण्यात, नायकांचा म्हातारा भाऊ उभा होता. त्याला आम्ही दिसतही नसू. पण दोराचं टोक त्याने दोन्ही हातांनी धरलं होतं, आणि त्याच्याच्याने जेवढं पुढे येववत होतं तेवढा तो आला होता.

मी आयुष्यात देवळात बरेचदा हात जोडले आहेत. तसे हात माझे कधी जोडले गेले नव्हते.

तराफ्यावरच्या दोघांनी दोर डोंग्याला बांधला, सगळ्यांनी ओढला, आणि काठाला आल्यावर भावाने टाकी उघडली आणि वास घेतला. मग याडीकडे पाहिलं. याडी अजिबात डगमगली नाही.

"सकाळी तेल पाजलं त्याले," ती म्हणाली. "बैलाले पाजतो नाही का जड कामाच्या आंधी? इतकी गाठोडी वढाची होती. उपाशी लावू का कामाले?"

भाऊ डोक्याला हात लावून खाली बसला. दोराच्या ओळीतली माणसं ओल्या कपड्यांनी हसायला लागली. म्हातारा म्हणाला, "जवसाचं पाजलं का? मंग बरोबर हाय." मलाही हसू आवरेना, आणि हसता हसता मी रडायला लागले. भावाने टाकी रिकामी केली, सगळं धुऊन पुसून नवं पेट्रोल भरलं. खूप वेळ खोकून इंजिन पुन्हा सुरू झालं. पण माझ्या मनातून काही ते जात नव्हतं. मी ठरवलं, आता तर वाढीव वॉरंटी हवीच.

मुदत संपायच्या आत मी याडीला घेऊन यवतमाळला गेले. दुकानदाराला घडलं ते सांगितलं. तो आधी हसला, मग गंभीर झाला. म्हणाला, "ताई, हे कुठल्याच वॉरंटीत बसत नाही. जवसाचं तेल टाकलं म्हटल्यावर कंपनी हात वर करीन. बाकी बिघाडाला घ्या, शिक्का मारून देतो."

त्याने शिक्का काढला. याडीने पदराची गाठ सोडली. आत मीठ होतं. तिने ते तळहातावर घेऊन त्याच्यासमोर धरलं. मी त्याला रीत सांगितली. त्याने हौसेने हात पुढे केला. "काय म्हणाचं, मावशी?"

"म्हन, मधात बंद पडलं त मी येईन."

त्याची बोटं मिठाजवळ गेली आणि थांबली. दुसऱ्या हातात शिक्का तसाच होता. मग त्याने हात मागे घेतला.

"नाही मावशी. खोटं नाही बोलत. मी नाही येऊ शकत."

"खरा मानूस हाय," याडी म्हणाली, आणि खूश झाली. त्याच्याकडून तिने एक नाडा, म्हणजे जाड दोर, आणि पेट्रोल गाळायची जाळी विकत घेतली. मलाही त्याच्याबद्दल आदर वाटला. शिक्का मारणं त्याला सोपं होतं, मीठ धरणं नव्हतं. त्याला दोन्हीतला फरक कळला होता.

बाहेर आलो. वॉरंटी घ्यायची की नाही, हे कुणीच बोललं नव्हतं. याडी दुकानाच्या पायरीवर बसली.

"तुई अट होती," ती म्हणाली. "तूच सांग. वावरात जाऊ का नाही?"

घ्या वॉरंटी आणि जा, असं म्हणायची सवय होती. पण ते म्हणताना माझ्या डोळ्यांपुढे छातीएवढ्या पाण्यातला तो म्हातारा येत होता. मी सगळ्या जगाकडे हमी मागत फिरले होते. दुकानदाराकडे, भावाकडे, कंपनीकडे.

याडीने मूठ उघडली. तेच मीठ होतं, घामाने थोडं ओलं झालेलं. तिने हात माझ्यापुढे धरला.

"याडी, लेकीले देत नाहीत," मी म्हटलं.

"मी देऊन राह्यली."

"मले पोहता येत नाही."

"मले मालूम हाय," ती म्हणाली. हात तसाच होता.

मी मीठ घेतलं आणि मूठ मिटली. वाढीव वॉरंटी घेतली नाही.

आता दर रविवारी मी तांड्यावर जाते. काकूने माझ्या पाठीला तिचा तेलाचा डबा बांधून दिला आहे, आणि काठावर बसून ती मला यथेच्छ शिव्या देते. या वयात पाण्यात हातपाय झाडणारी बाई बघायला पोरंसोरंही जमतात. परवा पहिल्यांदा माझे पाय तळावरून सुटले. तेवढ्यात बाजूने डोंगा निघाला. याडी लाइफ जॅकेटवर बसली होती, तोंड वावराकडे. मला पाहून तिने हात वर केला. मीही पाण्यातून हात वर केला, आणि नाकातोंडात पाणी गेलं.