शनिवारी येणारा फोन

लॉकडाऊन लागला तेव्हा आमचे पाळकसाहेब दौंडला होते आणि तिथंच अडकले. शिरूरच्या चर्चला कुलूप लागलं. रविवारचा संदेश ते मोबाईलवर पाठवायचे, पण मंडळीतल्या निम्म्या म्हाताऱ्या माणसांकडं साधे बटणांचे फोन. माझ्या आईकडंही तसलाच. पहिल्या रविवारी ती ठेवणीतली साडी नेसली आणि बायबल मांडीवर घेऊन नुसतीच बसून राहिली.

पुढच्या शनिवारी दुपारी तिचा फोन वाजला. आमच्या मंडळीत एक निवृत्त नर्स होत्या, एकट्याच राहायच्या. सगळे त्यांना मावशी म्हणत. फोन त्यांचाच होता.

"लिहून घ्या ताई," मावशी म्हणाल्या. "उद्या धा वाजता गीत एकशे बारा, मग स्तोत्र. मग आपल्या मंडळीतल्या शिक्रापूरच्या पोरासाठी प्रार्थना, त्याची कंपनी बंद हाय. शेवटी प्रभूची प्रार्थना. समद्यांनी एकाच टायमाला. घरात एकटं असलं तरी मोठ्यानं म्हणायचं."

असे त्या घरोघर फोन करत. निमोण्याच्या एका आजोबांना ऐकू कमी यायचं. त्यांना गीताचा नंबर तीन-तीनदा ओरडून सांगत. घसा बसायचा, पण एकही घर सुटायचं नाही. रविवारी आई गायला लागली की मीही शेजारी बसू लागलो. एरवी मी कारणं सांगून चर्च टाळणारा माणूस.

दुसऱ्या लाटेत मावशींचे धाकटे भाऊ दौंडला कोविडनं गेले. मावशींना मातीलाही जाता आलं नाही. दुसऱ्या दिवशी शनिवार. आज काही फोन येत नाही, असं आम्ही धरूनच चाललो होतो. संध्याकाळी आला. मी उचलला.

"मावशी, आज राहू द्या. मी करतो सगळ्यांना."

"कुणाला काय सांगायचं ते तुला ठावं न्हाई, बाळा. लिही."

प्रार्थना कुणासाठी, मी विचारलं. मला वाटलं, भावाच्या घरच्यांसाठी म्हणतील.

"त्याच्या वॉर्डातल्या सिस्टर लोकांसाठी. कवळ्या पोरी हायेत. घरी जायला मिळंना त्यांना."

रविवारी आईनं त्या नर्सांसाठी प्रार्थना केली. मग थांबून मावशींसाठी केली आणि रडली. नंतर कळलं, कुणी न सांगता बहुतेक घरांत हेच झालं होतं.

चर्च उघडल्यावर पाळकसाहेबांनी मावशींच्या सत्काराचा विषय काढला. मावशींनी हात जोडून तो तिथंच मोडून काढला. अंथरुणाला खिळलेल्यांना त्या अजून फोन करतात. त्यातली तीन घरं आता त्यांनी माझ्याकडं दिली आहेत.