शेवटचा ऐकणारा उठेपर्यंत

अंबरनाथहून मी निघालो तेव्हा गाडीत दोन बॅगा बसल्या, मी बसलो, पण कीबोर्ड बसला नाही. ड्रायव्हरने तो आडवा करून पाहिला, उभा करून पाहिला, शेवटी माझ्याकडे पाहिलं. आमच्या बँडमधल्या गजाने तो खांद्यावर घेतला आणि म्हणाला, राहू दे इथंच, तुझी जागा धरून ठेवेल. आई रडत होती. पप्पा फाटकाला हात लावून उभे होते. "पोचलास की फोन कर," एवढं म्हणाले आणि मग गजाकडे वळून विचारलं, "त्याच्यावर कापड घातलंस का?" वाद्य उघडं राहिलं की पप्पांना घास गोड लागायचा नाही. मी तिघांना हात केला. मला रडू आलं नाही. पुढे बरीच वर्षं कशालाच आलं नाही.

तुमच्यातले काही मागे राहिले, काही माझ्यासारखे निघून गेले. दोघांनाही ही गोष्ट सांगायची आहे.

उल्हासनगरात काय बनत नाही ते विचारा. आमच्या हरेशच्या वडिलांच्या शेडमध्ये परदेशासाठी भुतांचे मुखवटे बनायचे. कवट्या, चेटकिणी, दात बाहेर आलेले म्हातारे. माल श्रावणातच जहाजावर जायचा, कारण तिकडची माणसं ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी ते घालून फिरतात, असं हरेशचा काका सांगायचा. ऑर्डर गेली की शेड रिकामी पडायची आणि माळ्यावर उरायचा तो रिजेक्ट माल. एक डोळा कपाळावर, नाक गालावर. आमच्या बँडचं नावही 'रिजेक्ट माल'च होतं, आणि त्याच दिवशी, त्याच शेडमध्ये, तेच मुखवटे लोकांना वाटून आमचा वर्षातला एकुलता एक कार्यक्रम व्हायचा.

आमच्या संगीताबद्दल कमी बोललेलं बरं. हरेश शिलाई मशीनच्या मोटरी पायाने कमी-जास्त करायचा. गजा मूळचा चिखलोलीचा, एरवी लग्नाच्या बँडमध्ये मोठा ढोल वाजवायचा, तो इथे पत्रा वाजवायचा. मी कीबोर्ड. ऐकायला मित्र, कारागीर, त्यांच्या बायका, शेजारचे दोन-चार दुकानदार. पहिल्याच वर्षी मध्येच लोडशेडिंग झालं. मोटरी कण्हत कण्हत बंद पडल्या, अंधार झाला, आणि माझा कीबोर्ड सेलवर असल्यामुळे घाबरून दाबून धरलेला एक सूर तेवढा चालू राहिला. काळी चार. लोकांना वाटलं हाच शेवट. त्यानंतर आम्ही लोडशेडिंगचं टाइमटेबल बघूनच कार्यक्रम लावू लागलो. लाईट गेली की गजाने हात थांबवायचा आणि मी काळी चार धरायची. आमचा नियम एकच होता. शेवटचा ऐकणारा उठेपर्यंत बोट उचलायचं नाही.

पप्पा कधी आले नाहीत. ते कारखान्यातून आले की संध्याकाळी विहारात पेटीवर भीमगीतं म्हणायचे. त्यांची पट्टीही काळी चार. मी बोटं ठेवायला शिकलो ते त्यांच्याच पेटीवर. "बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसं आपण, भुताखेतांचा बाजार आपल्याला कशाला?" असं म्हणायचे. दुसरं म्हणायचे, गाण्यात शब्दच नसतील तर माणसाला कळायचं काय. त्यांच्या बाजूने ते बरोबरच होतं. गाण्यातले शब्द ऐकूनच ते शाळेत गेले होते. विहारात गाणं चालू असताना कोणी अर्धवट उठलं की मात्र ते गाता गाताच डोळे वटारायचे, आणि नंतर त्याला गाठून सांगायचे, "गाणारा थांबेपर्यंत उठू नये. तो आपल्यासाठी दम खर्च करतो."

इकडे टोरंटोच्या बाहेर मला रंगांच्या कंपनीत काम लागलं. रंगाची छटा शेडकार्डावरच्या नमुन्याशी जुळवायची. शिफ्ट, ब्रेक, परमिट, पेचेक, हे शब्द महिन्याभरात तोंडात बसले. पहिल्या ऑक्टोबरमध्ये दुकानात मुखवट्यांची रांग टांगलेली दिसली. एक उलटा करून पाहिला. इलॅस्टिकला हरेशच्या शेडमधली दुहेरी फुलीची शिवण होती. डोळे सरळ, नाक जागेवर, पास झालेला माल. मी तो परत टांगला आणि दूध घेऊन घरी आलो. भेटल्यासारखं काहीतरी वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

एकतीस तारखेला सकाळच्या ब्रेकमध्ये पार्किंगमधून फोन लावला. तिकडे संध्याकाळ होती. हरेशने मोबाईल मशीनवर ठेवून दिला. मोटरी ऐकल्या, पत्रा ऐकला, मग सगळं कण्हत थांबलं आणि काळी चार सुरू झाली. निघताना गजा म्हणालाच होता, पट्टीत काडी अडकवून ठेवू. मी काडीचा सूर ऐकत उभा राहिलो. फोन बंद करावासा वाटेना. गाणारा थांबेपर्यंत उठू नये, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. सूर काही थांबेना. ब्रेक संपला, सुपरवायझर दारातून डोकावून गेला, शेवटी फोनच्या कॉलिंग कार्डातली मिनिटंच संपली.

दरवर्षी हेच. कार्ड संपेपर्यंत. एक गोष्ट लक्षात यायची, मध्येच सूर क्षणभर सुटायचा आणि परत धरला जायचा. सेल उतरले असतील, असं मी समजायचो. पप्पांशी रविवारी बोलणं व्हायचं. जेवलास का, थंडी किती, स्वेटर घातलास का. कार्यक्रमाबद्दल त्यांनी कधी काढलं नाही, मीही नाही.

पप्पा गेले तेव्हा माझ्या परमिटचं काम अडकलेलं होतं. पोचलो तो थेट पुण्यानुमोदनालाच. खुर्च्या, फोटो, मेणबत्त्या, विहारातली माणसं एकेक करून माझ्या पाठीवर हात ठेवत होती. मी सगळ्यांना पाणी देत फिरलो. नातेवाईक म्हणाले, पोरगा खंबीर आहे. खंबीर कसला, बधिर होतो.

परत निघण्याआधी हरेशच्या शेडवर गेलो. कीबोर्ड कोपऱ्यात होता, त्याच्यावर पप्पांच्या पेटीचं जुनं कापड. मी गजाला म्हटलं, काडी चांगली टिकली रे इतकी वर्षं.

गजा आधी हरेशकडे बघत राहिला. मग म्हणाला, "काडी पहिल्याच वर्षी फेकली पप्पांनी. आले, मुखवटा दिला तर बाजूला ठेवला, म्हणाले, काडी कशाला? मी बसतो."

"हर साल आते थे," हरेश म्हणाला. "तुला सांगायचं नाही बोलले. पोरगा सगळं सोडून परत येईल, बोलले."

लोक उठून जायचे, कारागीर जायचे, शेडला कुलूप लावायची वेळ व्हायची. गजा सांगायचा, झालं पप्पा, उचला बोट. पप्पा मानेनेच मशीनवरच्या मोबाईलकडे दाखवायचे. एक ऐकणारा अजून बसलाय. तुमचाच नियम आहे ना? बोट दुखलं की बदलायचे, तेवढ्यापुरता सूर सुटायचा. मोबाईलमधली लाईन कटली की मग कापड घालून, दिवा न मागता, चाचपडत घरी.

म्हणजे मी त्यांच्या शिकवणीला धरून बसलो होतो आणि ते आमच्या नियमाला. मी थांबत नाही म्हणून ते थांबले नाहीत, ते थांबत नाहीत म्हणून मी. आम्हा दोघांना वेगळं करायचं ते फक्त कार्ड. आयुष्यात आम्ही एकमेकांशी इतका वेळ दुसरं काही बोललो नसू.

हे ऐकून तरी रडू यावं. आलं नाही. मी कापडाची घडी सरळ केली आणि विमानाची वेळ झाली म्हणालो.

त्या वर्षी ऑक्टोबरच्या शेवटी सुट्टी टाकली. इथे एक जुना कीबोर्ड घेतला होता. आता फोन इंटरनेटवरून लागतो, कार्ड संपायची भानगड नाही. हरेशने मोबाईल स्पीकरला जोडला. मोटरी कण्हत थांबल्या आणि मी काळी चार धरली. तिकडच्या अंधारात ती वाजत राहिली. खुर्च्या सरकल्याचे आवाज आले, चपला वाजल्या, शटर अर्धं ओढल्याचा आवाज आला. मग हरेश फोनजवळ येऊन हळू म्हणाला, "सगळे गेले. फक्त आई बसल्यात. चला म्हटलं तर हात करतात, वाजतंय अजून म्हणून."

चाळीस वर्षं पप्पांसोबत काढलेली बाई. ती काय आधी उठणार?

तुमचं घर कुठलं, असं इथे लोक विचारतात. मी अंबरनाथ सांगतो, मग मुंबईजवळ सांगतो, मग नुसतं इंडिया. खरं सांगायचं तर जिथे कोणी आधी उठत नाही ते माझं घर, आणि ते आता एवढंच उरलंय, इकडे एक बोट आणि तिकडे एक खुर्ची.

"बसू दे," मी हरेशला म्हटलं.

बोट केव्हाच बधिर झालं होतं. बदलताना सूर क्षणभर सुटला, आणि तिकडून आईचा आवाज आला, "आहे मी. सावकाश."

तेव्हा कुठे रडू आलं.