कोवाल्चिक म्हणजे लोहारच

संगमनेरच्या एस.टी. स्टँडवर माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे दादांनी, वर्तमानपत्रात गुंडाळलेली विळी माझ्या हातात ठेवली, तेव्हा मी आधी कुणी बघत नाही ना ते पाहिलं. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. अंगावर खास अमेरिकेसाठी घेतलेली नायलॉनची साडी, डोळ्यांवर नणंदेचा गॉगल आणि हातात विळी. काय ते ध्यान! दादा म्हणाले, "पातं मीच घडवलंय. धार गेली की घेऊन या." जशी काही अमेरिका अकोल्याच्या अलीकडच्या फाट्यावर. मी शहाण्यासारखी मान डोलावली आणि विळी साड्यांच्या तळाशी दडवली.

आमचं आडनाव लोहार, आणि दादांचा धंदाही तोच. आमचे हे मात्र मेटलर्जीचे इंजिनिअर, म्हणजे टाय लावलेले लोहार. माझं माहेरचं आडनाव पवार. त्यातून कुणाला काही उमगत नाही, म्हणून मी जरा ताठ्यात, जसे काही माझे वडील भाता ओढून मोठे झालेच नव्हते.

न्यू जर्सीत वेस्ट विंडसरला आलो तेव्हा घरामागे बटाट्याची शेतं होती आणि मराठी माणूस दिसला की गळ्यात पडावंसं वाटे. पहिल्याच वर्षी मराठी मंडळाच्या गणपतीला, शाळेच्या कॅफेटेरियात, मोत्याच्या कुड्या घातलेल्या एका काकूंनी विचारलं, "आडनाव काय तुमचं?" मी म्हणाले, "संगमनेरकर." गाव घ्यायचं, पुढे 'कर' जोडायचा आणि मोकळं व्हायचं, ही आपल्याकडची जुनी युक्ती. हे शेजारी उभे होते, त्यांनीही मान डोलावली. पण काकू कुठल्या सोडताहेत? "संगमनेरचे म्हणजे नक्की कुठले हो? आमचं आजोळच तिथलं." मी सांगितलं, फार लहानपणी गाव सोडलं. सासर ते माझं! तिथे मी लहानपणी काय रांगत होते?

पण संताप येतो तो येतोच. आम्ही सगळेच दोन-दोन सुटकेसेस घेऊन आलो होतो. कस्टम्सवाल्याने माझं लोणचं फेकून दिलं, विळी तीनदा उलटसुलट करून बघितली. मग ही जातींची उतरंड त्याच्या नजरेतून कशी सुटली? सात समुद्र ओलांडून तिचं एकही मडकं फुटलं नाही. बर्फात गाडी अडकली तर हीच माणसं फावडं घेऊन धावायची, त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. पण फावडं कुणी घडवलं, हे विचारलं की चेहरे बदलायचे.

पुढे सिटिझनशिपची वेळ आली. त्याबरोबर नावही बदलून घेता येतं असं कळलं, आणि यांनी ठरवून टाकलं : संगमनेरकर. शाळेत मास्तर यांना "ए लोहारा, तुला भूमिती कशाला रे?" म्हणायचे. ते यांच्या अंगातून अजून गेलं नव्हतं. आणि मी? ग्रोसरीच्या खाकी पिशव्यांवर मी नव्या सहीची प्रॅक्टिस करत होते. 'कर'चा फराटा तर इतका झोकदार, की गव्हर्नर लाजेल.

त्याच सुमारास दादा गेले. तिकिटं मिळेपर्यंत तिकडे दहावा उरकला होता.

आमच्या शेजारी हेलन कोवाल्चिक राहायची. नवऱ्याने ट्रेंटनच्या तारेच्या कारखान्यात आयुष्य काढलेलं. आता ती एकटी. एकदा मी जमिनीवर बसून नारळ खोवत असताना ती केक घेऊन आली. विळी बघून म्हणाली, हे कुणी बनवलं? मी आवाज खाली आणून सांगितलं, सासऱ्यांनी, ते लोहार होते. ती इतकी हसली की केक एका बाजूला कलला.

"हनी, मग आपण एकाच आडनावाच्या!"

कोवाल म्हणजे लोहार आणि कोवाल्चिक म्हणजे लोहाराचं पोर, तिने समजावलं. पोलंडच्या खेड्यात शेतकरी सगळेच, त्यावरून कुणाला कसं ओळखणार? लोहार मात्र गावात एकच, म्हणून धंदाच नाव होऊन चिकटला. तिच्या चर्चच्या जेवणाला क्रोएशियाचे कोवाच येत, युक्रेनचे कोवालेन्को, एक रशियन कुझ्नेत्सॉव्ह, आणि यांच्यासारखे स्लाव्ह वंशाचे नसूनही ते नाव उसनं घेतलेले हंगेरीचे कोवाच. सगळे लोहार! आणि एकाच टेबलावर बसून कोबी खात. मी थक्क झाले, आणि मग भडकले. तोच घण, तीच ऐरण. या लोकांनी ते नाव मेलबॉक्सवर रंगवायचं आणि आम्ही साड्यांच्या तळाशी ठेवायचं?

हेलन मग हसायची थांबली. तिच्या आजेसासऱ्यांचा भाऊ पेन्सिल्व्हेनियात गेला, तिथे फोरमनच्या सोयीसाठी 'स्मिथ' झाला. अर्थ तोच, पण माणूस हरवला. तिच्या नवऱ्याने मरेपर्यंत त्याच्या मुलानातवंडांना शोधलं. "फोनबुकात स्मिथांची पानंच्या पानं," ती म्हणाली. "त्यातले आमचे कोणते?"

संध्याकाळी मी हे सगळं यांना सांगितलं. हे उसळले. "तुला काय जातंय? शाळेत तू पवार होतीस." खरं होतं. मी विळी यांच्यासमोर ठेवली. म्हटलं, "धार गेलीय. कुठे नेऊ?"

यांनी पातं उजेडाकडे वळवून बघितलं. मग हेलनच्या गॅरेजमधला तिच्या नवऱ्याचा हाताने फिरवायचा धारेचा दगड मागून आणला. मी हँडल फिरवलं, यांनी पातं धरलं. जन्मात कधी घण न उचललेला हा माणूस, पण अंगठ्याच्या नखावर धार टेकवून बघितली ती थेट दादांसारखी. नख पुसत म्हणाले, "उद्या कुणी दादांची माणसं शोधत आलं, तर लोहारांतच शोधेल. राहू दे नाव."

पुढच्या गणपतीला मी विळी मंडळाच्या किचनमध्ये नेली आणि सगळ्यांच्या मधोमध बसून मोदकांसाठी नारळ खोवला. कुड्यांच्या काकू आल्याच. "संगमनेरकर, ही कुठून हो आणलीत?" मी म्हणाले, "आम्ही लोहार, काकू. सासऱ्यांनी घडवलीय. बसता का खोवायला?" त्या बसल्या नाहीत. पण मोदक मात्र चार खाल्ले.

तिकडच्या माझ्या माणसांनो, घर कुठलं म्हणून तुम्ही फोनवर विचारता. नाव सांगितल्यावर पुढच्या प्रश्नाची धास्ती वाटत नाही, ते घर. तसं मला संगमनेरात नव्हतं आणि मंडळातही सहजी मिळालं नाही. आमच्या मेलबॉक्सवर 'लोहार' मी स्वतः रंगवलं, हेलनच्या नावापेक्षा मुद्दाम दोन बोटं मोठं. विळी अजून आहे. धार आता इथेच लावतो.