सातवी सही

आमच्या टायटसव्हिलमध्ये नोरीन टॅकेटच्या घरी पहिल्यांदा जाणाऱ्याने बाथरूमला जायचं टाळावं. तिथे रशियन आहेत. अकरा अंतराळवीर, चौकटीत, सहीनिशी, हेल्मेट काखेत धरून टबाकडे बघत असतात. अमेरिकन दिवाणखान्यात, वारलेले बोळात आणि रशियन बाथरूममध्ये अशी तिने जागेची वाटणी केली आहे. "पस्तीस वर्षं परक्या पुरुषांसमोर आंघोळ करतोय," तिचा नवरा ड्युएन येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो. "आता कसली लाज आलीय?"

नोरीनला हे वेड लागलं ते एका अंड्यामुळे. एकोणसत्तर साली ती कोको बीचवरच्या एका मोटेलात सकाळचा नाश्ता वाढायची. वय एकोणीस, अंगात मस्ती भरपूर. एका अंतराळवीराने तिच्या हट्टाखातर कागदी रुमालावर सही दिली. तिने तो काउंटरवर ठेवला आणि कॉफी आणायला वळली, तेवढ्यात भांडीवाल्या बाईने त्याच रुमालाने सांडलेलं अंडं पुसून टाकलं. नोरीनने कचऱ्याचा डबा पालथा केला. रुमाल सापडला, पण शाई बलकात विरघळून गेली होती. तिने तिथल्या तिथे कानाला खडा लावला, की पुन्हा रुमालावर सही घ्यायची नाही आणि घेतलेली सही हातातून सोडायची नाही.

पुढे मोटेल पाडलं, ती शाळेच्या कँटीनमध्ये लागली, ड्युएनशी लग्न झालं. लग्नही अर्ध्यावर थांबलं होतं, कारण जवळच्या केपच्या रॉकेटतळावरून रॉकेट सुटलं आणि पाद्रीसकट सगळी मंडळी बाहेर धावली. नवरी सगळ्यात पुढे. ड्युएन म्हणतो, पळून जायची तीच वेळ होती, चर्चचं मागचं दार उघडंच होतं.

सह्या मिळवायची तिची स्वतःची रीत होती. मेजवान्यांमध्ये बाकीचे लोक व्यासपीठाशी धक्काबुक्की करायचे, तेव्हा ही पुरुषांच्या बाथरूमबाहेर उभी. आत जाताना माणूस घाईत असतो, बाहेर येताना बिचारा मोकळा असतो, हा तिचा अभ्यास. ओल्या हाताने शाई पसरते म्हणून ती पुसायला कागदही घेऊन उभी राहायची. एकाने तिला तिथली नोकरमाणूस समजून हातावर डॉलर टेकवला. तिने त्या डॉलरवरच सही घेतली. तो अजून दिवाणखान्यात लावलेला आहे.

पण तिचा खरा दरारा होता तो खोटी सही ओळखण्याबद्दल. अंतराळवीरांना पोतंभर पत्रं यायची, म्हणून कचेरीत सही करणारं यंत्र असायचं. यंत्राच्या दोन सह्या एकमेकींवर ठेवून खिडकीच्या काचेवर धरल्या की केसाचाही फरक निघत नाही. जिवंत माणसाच्या दोन सह्या अशा कधी जुळत नाहीत. दुसरी जात नकलाकारांची. नकलाकार मूळ सही समोर ठेवून हळूहळू गिरवतो, म्हणून त्याची रेघ थरथरते. आमच्या सह्या-संग्राहक मंडळाच्या मासिकात नोरीन दर महिन्याला एकेका खोट्या सहीची चामडी सोलायची. खाली नाव पूर्ण नसायचं, नुसतं 'नो. टॅ.'. पण मंडळातले भलेभले त्या दोन अक्षरांना टरकून असायचे. ग्लेन स्टौफर, मंडळाचा अध्यक्ष, नाकाने कांदे सोलणारा माणूस, तोसुद्धा काही विकत घ्यायच्या आधी गुपचूप तिला फोन करायचा.

तिचा सगळ्यात गाजलेला बळी म्हणजे अग्निशमन दलाचा फोटो. दोन हजार एक साली गावच्या दलाने नवीन पंपासाठी पैसे जमवायला मासळीचं जेवण घातलं आणि लिलाव ठेवला. त्यात अंतराळवीर कर्नल व्हर्नन हॅलबर्गचा सही केलेला फोटो होता. नोरीनने भिंग लावलं. रेघ वेडीवाकडी, नावातली अक्षरं एकमेकांवर चढलेली. "हा फोटो स्वतः कर्नलनी आणून दिलाय," दलाचा माणूस काकुळतीला येऊन म्हणाला. "सगळे असंच सांगतात रे," नोरीन म्हणाली. पुढच्या अंकात तिने फोटोसकट छापलं: 'कोंबडीचे पाय शाईत बुडवून सोडली असती तरी बरी सही झाली असती.' लोक पोट धरून हसले. दलाने फोटो लिलावातून काढून घेतला.

त्यानंतर हॅलबर्गने सही देणं बंद केलं. पत्रं न फोडता परत. नोरीनने पोचपावतीचं रजिस्टर पत्र पाठवून पाहिलं, कारण पावतीवर तरी सही करावीच लागते. पावती आली, तिच्यावर बायकोची सही. 'मार्जोरी हॅलबर्ग', ठसठशीत. मंडळात ठरून गेलं की म्हातारा भाव खातो. नोरीनचं मत थोडं वेगळं होतं. खोट्या सह्यांना कंटाळून त्याने हात आखडला असणार आणि खरं तर त्याने नो. टॅ.चे आभार मानायला हवेत, असं तिला मनापासून वाटायचं.

आणि तिला तोच हवा होता. दिवाणखान्यात मधोमध चौऱ्याऐंशी सालच्या मोहिमेचा फोटो होता. सात जण, निळ्या कपड्यांत. सहा जणांच्या सह्या मिळवायला तिला अकरा वर्षं लागली होती. दोघं त्यानंतर वारले. उजवीकडून दुसरा हॅलबर्ग, त्याच्या छातीखालची जागा कोरी. रोज सकाळी कॉफी पिताना ती त्या कोऱ्या जागेकडे बघायची. आता तो एक्क्याऐंशीचा झाला होता, आजारी आहे असं कानावर येत होतं. "तो मेला की संपलं, ड्युएन," ती म्हणायची. "मग हा फोटो असाच लंगडा राहणार."

"तुला त्याच्या मरणाचं दुःख आहे की फोटोचं?"

"दोन्हीचं. आधी फोटोचं."

मग गेल्या नोव्हेंबरात नशीब फळफळलं. ड्युएन बोटींच्या मोटर दुरुस्त करतो. मार्जोरी हॅलबर्ग आपल्या बोटीची मोटर त्याच्या शेडमध्ये टाकून गेली आणि हार्नी तळ्याकाठच्या आमच्या घरी, धक्क्यावर येऊन बसवून द्या म्हणाली. हे ऐकून नोरीनने तिकडे न्यायला पाई भाजायचं ठरवलं, पण कणीक न मळता, ओव्हन न तापवता आधी फोटो चौकटीतून काढला.

"तू येणार नाहीस," ड्युएन म्हणाला.

"मी पाई घेऊन येतेय. लिंबाची, गोड. आजारी माणसासाठी."

"आणि फोटो?"

"कसला फोटो?" ती म्हणाली. फोटो दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून पिशवीत पाईच्या डब्याखाली ठेवून झाला होता.

मार्जोरी बाजारात गेली होती. ड्युएन धक्क्याकडे वळला आणि नोरीन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. हॅलबर्ग टेबलाशी बसला होता, उंच, वाळलेला, दोन्ही हात मांड्यांवर टेबलाखाली. "मोटरवाल्याची बायको का तुम्ही?" तो म्हणाला. "या. मार्जोरीला पाई करता येत नाही, पण तिला सांगू नका."

नोरीनने पाई कापली, मोटेलातल्या दिवसांच्या गोष्टी काढल्या, अंड्याची गोष्ट सांगितली. म्हातारा खो खो हसला. त्याने पाईला हात मात्र लावला नाही. मग तिला राहवेना. तिने पुठ्ठे उघडले आणि शेजारी मार्कर ठेवला.

त्याने वाकून एकेक सही वाचली. "सगळे आहेत की," तो म्हणाला. "हा पीटर, किती गचाळ अक्षर याचं! मीच तेवढा नाही."

"कर्नलसाहेब, मी मागणार नव्हते—"

"मागणारच होतात. पुठ्ठ्यात घालून कोण फिरवतं फोटो?" त्याने बाहेर बघितलं. गाडीचा आवाज नव्हता. "आणा तो मार्कर. मार्जोरी यायच्या आत."

त्याने उजवा हात टेबलावर घेतला. हात थडथड उडत होता. डाव्या हाताने त्याने मनगट दाबून धरलं, तरी मार्करचं टोक हवेत नाचत राहिलं.

"वीस-एक वर्षं झाली," तो म्हणाला. "आधी वाटलं, जाईल. विमान चालवलेला माणूस मी, हात कापतो हे सांगू कुणाला? तरी गावच्या अग्निशमन दलासाठी एक फोटो केला. अर्धा तास लागला. पंप हवा होता पोरांना. तर कुणी एक नो. टॅ. आहे, त्याने छापलं की कोंबडीने सही केलीय. माझ्या शेजाऱ्याने मला वाचून दाखवलं, हसत. त्याला बिचाऱ्याला काय माहीत!" त्याने मार्कर फोटोवर आणला. "तेव्हापासून सगळं मार्जोरी करते. बरं, कुणाच्या नावाने लिहू?"

आता इथे कुठलाही संग्राहक काय म्हणाला असता ते आम्हाला पाठ आहे. 'नाव नको, नुसती सही द्या.' नाव घातलेल्या फोटोला बाजारात किंमत नसते. नोरीनने आयुष्यभर हेच वाक्य म्हटलं होतं. एवढे पाच शब्द, की सातवी सही तिची. कागद आणि मार्कर यांच्यात बोटभर अंतर होतं.

"नोरीन टॅकेट," ती म्हणाली.

"टॅकेट." तो लिहायला वाकला आणि थांबला. "नो..."

"हो. मीच ती बया."

हॅलबर्गने मार्करला टोपण लावायचा प्रयत्न केला. ते तीनदा हुकलं. नोरीनने मदतीला हात पुढे केला नाही, तेवढी अक्कल तिला होती. चौथ्यांदा बसलं.

"मला वाटायचं तो कुणीतरी पुरुष असेल," तो म्हणाला. "चष्मिस. आईजवळ राहणारा."

"मी चुकले, साहेब. थरथरती रेघ म्हणजे गिरवलेली, असं आम्ही समजतो. हात थरथरत असेल हे डोक्यातच आलं नाही. तो माणूस सांगत होता की तुम्हीच आणून दिलाय, तरी मी त्याचं ऐकलं नाही. मला माझ्या हुशारीची मस्ती चढली होती. पुढच्या अंकात मी लिहीन."

"लिहा. पूर्ण नाव घालून लिहा."

"पूर्ण नाव घालून."

"लोक तुमचा कान धरतील."

"धरू देत. माझे कान मोठेच आहेत."

तो हसला नाही. त्याने फोटो तिच्याकडे सरकवला. "हा पिशवीत घाला. माझा राग गेलेला नाही." नोरीनने फोटो पुठ्ठ्यात घातला, पुठ्ठे पिशवीत घातले आणि ती उठली. रडू आवरत नव्हतं, पण याच्यासमोर रडायचा आपल्याला हक्क नाही असंही तिला वाटत होतं.

"चाललात कुठे? बसा." त्याने टेबलाच्या कडेचं एक वाढदिवसाचं कार्ड ओढलं. वर घोडा होता, आत मार्जोरीचं नाव होतं आणि त्याखाली थोडी जागा. "नात, टेसा. उद्या अठरा वर्षांची होतेय. ती जन्मली त्याच वर्षी मी लिहिणं सोडलं. तिने माझं अक्षर पाहिलेलंच नाही. हे कार्ड सरकतं, तेवढं धरा."

नोरीनने दोन्ही हातांनी कार्डाची दोन टोकं दाबली. त्याने मनगट धरलं आणि सुरुवात केली. एकेका अक्षराला तो दम घेत होता. एकदा मार्कर निसटून मार्जोरीच्या नावाशेजारी काळा फराटा गेला आणि त्याने अंतराळवीराला न शोभणारी, पण बोटीवाल्यांना रोज लागणारी शिवी घातली. नोरीनने तीच शिवी त्याच्या सोबतीला घातली. तेव्हा कुठे तो हसला. 'आजोबा' एवढं लिहायला सात मिनिटं लागली. तिने आयुष्यात हजारभर सह्या होताना पाहिल्या होत्या, पण कुठल्याच सहीला तिने इतका वेळ श्वास धरला नव्हता.

बाहेर गाडी थांबली. मार्जोरी हातात पिशव्या घेऊन आत आली आणि तिची नजर टेबलावर गेली. तिने पिशव्या तशाच धरून कार्ड वाचलं.

"हे कुणी लिहिलं?" तिने नोरीनला दरडावून विचारलं.

हॅलबर्ग पाईचा घास काट्यावर चढवायच्या खटपटीत होता. त्याने वर बघितलं नाही.

"यांनी," नोरीन म्हणाली. "मी समोर बसले होते. अस्सल आहे, बाई."

मार्जोरीने पिशव्या जमिनीवर सोडल्या. त्यातला एक कांदा घरंगळत फ्रिजखाली गेला, तिकडे कुणी पाहिलं नाही. ती खुर्ची ओढून नवऱ्याशेजारी बसली.

"ख्रिसमसची शंभर कार्डं कपाटात पडलीत, व्हर्न," ती म्हणाली. "ती आता तुझी तू कर." आणि कार्ड हातात धरून रडायला लागली.