गोधडीखालची लेन्स

आमच्या घरात माझ्या इंग्रजीचा उपयोग आजवर एकदाच झाला, आणि त्या एका वेळी सुमाताईच्या लग्नाचा फोटो गेला.

रोलच्या कॅमेऱ्यांचे दिवस होते. किन्हवलीच्या काकांनी एक जुना, भारी कॅमेरा घेतला होता. त्याला दोन लेन्स, आणि सोबत इंग्रजी पुस्तिका. 'ही इंग्लिश मीडियमची' म्हणून काकांच्या मुलीच्या, म्हणजे सुमाताईच्या लग्नात कॅमेरा माझ्या गळ्यात पडला. (मला आनंदच झाला. लांबची लेन्स लावली की माणसांच्या जवळ जावं लागत नाही!) ताईची मागणी एकच होती, "हार घालताना माझा चेहरा जवळून आला पायजे गो. बाकी काय पण काढ."

शेवटचं मंगलाष्टक सुरू झालं तशी मी मांडवाच्या खांबाशी उभी राहून लांबची लावायला म्हणून छोटी लेन्स काढायला लागले. काकी किंचाळली.

"अगो, उघडतेस काय? रोल जाईल ना!"

तिचंही बरोबर होतं. मागच्या गणपतीत, फोटो कसे आलेत ते बघायला काकांनी भर उन्हात कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडलं होतं. गणपतीसकट सगळं कुटुंब पांढरं झालं! तेव्हापासून कॅमेऱ्याचं काहीही उघडायचं ते काळोखातच, असा घरचा नियम.

लेन्स काढली तरी आत पडदा असतो, रोलला काही होत नाही. पुस्तिकेतलं ते पान मला पाठ होतं. मी म्हणाले, "काकी, पण..."

"पण नाय नि बिण नाय. गोधडी आणा!"

दोन माम्यांनी मला उभ्या उभ्या गोधडीत झाकलं. लेन्सची लाल खूण कॅमेऱ्याच्या लाल खुणेला जुळवायची असते. आत तर माझीच बोटं मला दिसेनात!

"झालं का गो?"

"नाही मामी. जरा उजेड..."

"उजेड? अगो घट्ट धर तिकडून, उजेड जातोय आत!"

बाहेर 'सावधान' झालं. ताशे कडाडले. खट्! लेन्स बसली. गोधडी फेकून मी कॅमेरा डोळ्याला लावला. नवरदेव, म्हणजे मुरबाडचे भावोजी, गळ्यात हार घालून शांतपणे पेढा खात होते.

ताई महिनाभर बोलली नाही. मग सासरचा अल्बम घेऊन आली. त्यांच्या साध्या, बटण दाबायच्या कॅमेऱ्यात तो क्षण आला होता. ताई हार घालतेय, सुंदर दिसतेय. तिच्या मागे, खांबाला लागून एक गोधडी उभी. गोधडीखाली दोन पाय, पायांत माझ्या नव्या चपला.

"ही कोण?" पाहुणे अजून विचारतात.

"आमची फोटोग्राफर," ताई सांगते.

तसा फोटो माझा चांगला आलाय. चारचौघांत एवढी न लाजता उभी असलेली मी दुसऱ्या कुठल्याच फोटोत नाही.